डायरीच विसरणाऱ्याला डायरीचा उपचार

मोठ्या वयात निदान होणाऱ्या एडीएचडीवर, म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलता आणि उतावळेपणा यांच्या विकारावर, गेल्या अंकात लेख होता. त्यात सीबीटीचा, म्हणजे विचार आणि सवयी यांवर ठरावीक सत्रांत काम करणाऱ्या मानसोपचाराचा, उल्लेख एका ओळीत उरकला होता. पत्रं नेमकी त्या ओळीवरच आली. काही निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : वय ३४, आयटीत नोकरी. दीड वर्षापासून एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध चालू आहे. गोळीने एका जागी बसता येतं, पण बसून भलतंच काम करत राहतो. डॉक्टर सीबीटी घ्या म्हणतात. सत्राला १,८०० रुपये, अशी बारा सत्रं. एवढा पैसा घालावा इतका पुरावा आहे का, की नुसत्या गप्पा? (पुणे)

पुरावा आहे, आणि तो बराचसा तुमच्यासारख्यांवरच गोळा झाला आहे : गोळी चालू आहे, थोडा गुण आहे, पण कामं अजून अडतात अशी माणसं.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये स्टीव्हन सॅफरन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ३१ जणांवर छोटा अभ्यास केला. सगळ्यांची औषधं चालू होती. त्यातल्या काहींना सीबीटीची जोड दिली, बाकीचे नुसत्या औषधावर राहिले. सीबीटीच्या गटात ५६ टक्के लोकांना चांगला फरक पडला, नुसत्या औषधावर १३ टक्क्यांना. आकडा दणदणीत वाटतो, पण त्यात एक भोक आहे. एका गटाला दर आठवड्याला तासभर ऐकणारं माणूस मिळालं, दुसऱ्याला काहीच नाही. मग फरक सीबीटीचा, की आपुलकीने कुणी विचारपूस केली त्याचा?

हे भोक त्यांनी २०१० मध्ये बुजवलं. या वेळी ८६ जण होते, तेही औषध चालू असलेले. निम्म्यांना सीबीटीची बारा सत्रं, निम्म्यांना तितकीच सत्रं शिथिलीकरणाची आणि एडीएचडीबद्दल माहिती देण्याची. लक्षणं मोजणाऱ्या तज्ज्ञाला कोण कुठल्या गटात आहे ते माहीत नव्हतं. लक्षणांच्या मोजमापात किमान ३० टक्के घट झाली तर ‘गुण आला’ असं धरलं. सीबीटीत असे ६७ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ३३ टक्के. ज्यांना सीबीटीने गुण आला त्यांचा तो सहा आणि बारा महिन्यांनीही टिकून होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मेरी सोलँटो यांनी ८८ जणांवर बारा आठवड्यांचा गट-उपचार तपासला. तुलनेला नुसता धीर देणारा गट होता. तिथेही नियोजन शिकवणाऱ्या गटाचं पारडं जड राहिलं.

इथून पुढे सूर जरा उतरतो, तोही ऐकून घ्या. निरनिराळे अभ्यास एकत्र करून पाहिले की सीबीटीचा परिणाम तुलना कशाशी केली यावर हलतो. एका संकलनात, उपचाराची नुसती वाट पाहणाऱ्या गटाशी तुलना केली तेव्हा फरक ०.७६ आला आणि दुसऱ्या एखाद्या उपचाराशी केली तेव्हा ०.४३. या मापावर ०.२ लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा फरक समजतात. म्हणजे दिसणाऱ्या गुणाचा बराच भाग नियमित भेटीचा आणि कुणीतरी दखल घेण्याचा असतो. उरलेला भाग खास सीबीटीचा. तो मध्यमच्या जरा अलीकडे आहे, पण खरा आहे. उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात १४ चाचण्या आणि ७०० माणसं होती. निष्कर्ष सीबीटीच्या बाजूने होता, पण पुराव्याचा दर्जा बहुतेक ठिकाणी कमी ते मध्यम ठरवला होता, कारण अभ्यास छोटे होते आणि आपण कुठला उपचार घेतोय हे रुग्णाला माहीतच असतं.

जर्मनीतला कॉम्पास अभ्यास तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. सात केंद्रं, ४३३ प्रौढ. सीबीटीच्याच कुळातला गट-उपचार पहिले बारा आठवडे दर आठवड्याला आणि पुढे वर्ष पुरं होईपर्यंत महिन्यातून एकदा. तुलनेला डॉक्टरांशी साध्या, एकेकट्या भेटी. २०१५ मध्ये निकाल छापून आला : मूळ लक्षणांवर गट-उपचार साध्या भेटींपेक्षा सरस ठरला नाही. याच अभ्यासात तपासलेलं मिथाइलफेनिडेट मात्र खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरलं. एकूण सुधारणा कशी वाटते या मापावर गट पुढे होता, तेवढंच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर २१,६०० रुपये वाया जाणार नाहीत, पण ते एका अटीवर. सत्रात जे शिकाल ते आठवडाभर घरी आणि ऑफिसात करावं लागतं. न करता नुसती हजेरी लावलीत तर तुमचा ‘गप्पा’ हा शब्द खरा ठरेल. चौथ्या सत्राअखेर तुमच्या हातात चालती डायरी नसेल, तर उपचारकाला तसं स्पष्ट विचारा.

प्रश्न : या सत्रांत नेमकं करतात काय? बालपणीच्या आठवणी काढतात का? (नाशिक)

आठवणी फारशा निघत नाहीत. हा उपचार मनाच्या तळघरापेक्षा टेबलाच्या खणाजवळ जास्त वेळ काढतो. सॅफरन यांच्या पद्धतीत क्रम साधारण असा : आधी डायरी आणि कामांची यादी, मग लक्ष विचलित होण्यावर उपाय, मग विचार. टाळाटाळीवर वेगळं सत्र असतं. जोडीदाराला किंवा घरच्या कुणाला एकदा सोबत बोलावतात. प्रत्येक सत्राची सुरुवात लक्षणांची छोटी प्रश्नावली भरून, औषध किती दिवस चुकलं ते विचारून आणि गेल्या आठवड्याचा गृहपाठ पाहून होते.

डायरी आणि यादी. दोन्ही एकेकच. ज्याला वेळ आहे ते डायरीत (गुरुवारी ५ वाजता दंतवैद्य), ज्याला वेळ नाही ते यादीत. यादीतल्या कामांना अ, ब, क अशी अक्षरं द्यायची. अ म्हणजे आज-उद्या झालंच पाहिजे, ब म्हणजे या आठवड्या-दोन आठवड्यांत, क म्हणजे झालं तर बरं. क कामं सोपी आणि मजेची असतात, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. त्यामुळे अ संपेपर्यंत क ला हात लावायचा नाही. डायरी बघणं आधीच पक्क्या असलेल्या एखाद्या सवयीला बांधायचं : सकाळचा चहा कपात ओतला की डायरी उघडायची. ‘वेळ मिळेल तेव्हा बघेन’ हे चालत नाही, कारण ज्याचं लक्ष टिकत नाही त्याला तो वेळ मिळत नाही.

कामाचे तुकडे. समजा, यादीत महिनाभर एकच ओळ लोंबकळते आहे : ‘वीजबिलावरचं नाव बदलणे’. हे एक काम नाही, पाच-सहा कामांचं गाठोडं आहे. पहिला तुकडा असा हवा, की जागेवरून उठून विचार न करता करता यावा. ‘फाइलमधून शेवटचं बिल काढून टेबलावर ठेवणे’ हा झाला एक तुकडा. ‘कोणती कागदपत्रं लागतात ते महावितरणच्या साइटवर बघून त्याच बिलाच्या पाठीवर लिहिणे’ हा दुसरा. ‘इंडेक्स टू ची (घराच्या नोंदणीच्या कागदाची) झेरॉक्स काढणे’ हा तिसरा, आणि तो डायरीत शनिवारी सकाळी १० ला, भाजी आणायला बाहेर पडाल तेव्हा. दोन दिवस एखादा तुकडा हललाच नाही तर स्वतःला आळशी म्हणण्याआधी तो तुकडा अजून बारीक करा.

टायमर. आधी मोजमाप. कंटाळवाणं काम घ्या आणि मन पहिल्यांदा भटकेपर्यंत किती मिनिटं गेली ते पाहा. तीन वेळा पाहिलं की अंदाज येतो. बारा मिनिटं आली तर टायमर बारालाच लावायचा. शेजारी एक कोरा कागद ठेवायचा. मध्येच ‘गॅस बुक केला का?’ असं मनात आलं की कागदावर ‘गॅस’ एवढंच लिहायचं आणि कामावर परत यायचं. टायमर वाजल्यावर कागद बघायचा. त्यातलं काही तिथल्या तिथे होतं, काही यादीत जातं, आणि बरंचसं खोडलं जातं, कारण बारा मिनिटांपूर्वी तातडीचं वाटलेलं आता तसं वाटत नाही. टायमर स्वयंपाकघरातला घ्या. मोबाइलचा लावायला गेलात तर व्हॉट्सॲपमधून बाहेर पडेपर्यंत बारा मिनिटं होतील. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

विचार. इथे नैराश्याच्या सीबीटीपेक्षा एक गोष्ट निराळी आहे. नैराश्यात ‘मला काहीच जमत नाही’ असल्या काळ्या विचारांवर काम होतं. ते इथेही असतात, वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेली असतात. पण कामं बुडवतात ते बहुतेकदा गोड विचार : ‘थोडं नंतर केलं तरी चालतंय’, ‘मूड आला की एका बैठकीत उडवतो’, ‘दडपण आलं की मला उत्तम जमतं’, ‘हे लक्षात राहील, लिहायला कशाला हवं’. हे विचार दुखत नाहीत, म्हणून पकडले जात नाहीत. चार रकान्यांचा कागद करतात : काय काम होतं, मनात कुठलं वाक्य आलं, त्यानंतर काय केलं, शेवटी काय झालं. तेच ते वाक्य पाच वेळा समोर आलं की त्याची भुरळ उतरते.

बिघडतं कुठे? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. डायरीची नवलाई संपते आणि माणूस ‘याच्यापेक्षा भारी’ ॲप शोधतो. मग अर्धी कामं वहीत, अर्धी ॲपमध्ये, आणि दोन्हींवरचा विश्वास उडतो. नियम करून टाका : पद्धत बदलायची ती सत्रात बसून, मधल्या आठवड्यात नाही. दुसरी चूक म्हणजे चाळीस कामांची यादी आणि त्यातली तीस ‘अ’. अ चार-पाचांवर गेली की तिला यादी म्हणू नये, ती फिर्याद असते. तिसरी, डायरी घरी विसरणं. त्यावर उपदेश कामाचा नाही, जागा ठरवावी लागते : किल्ल्या, पाकीट, डायरी एकाच टोपलीत, दाराशी. आणि एक आठवडा सगळं बुडालं तर सत्र रद्द करू नका. बुडालेला आठवडा घेऊन आलेल्या रुग्णाकडूनच उपचारकाला सगळ्यात जास्त कळतं.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. निदान झालं आहे. एका ठिकाणी त्याच्यासाठी सीबीटीची वीस सत्रं सुचवली आहेत. सुरू करावी का? (कोल्हापूर)

ताई, थांबा. वर लिहिलेला पुरावा मोठ्यांचा आहे, तो सात वर्षांच्या मुलाला लावता येत नाही. हा प्रयोग आधी होऊन गेला आहे. सत्तरच्या दशकात मुलांना ‘थांब, विचार कर, मग कर’ असं स्वतःशी बोलायला शिकवण्याची पद्धत आली. कल्पना देखणी होती. हॉवर्ड ॲबिकॉफ आणि रेचल गिटेलमन यांनी ती औषधाला जोड म्हणून तपासली आणि १९८५ मध्ये निष्कर्ष मांडला, की जोडीचा फायदा दिसत नाही. मूल खोलीत उपचारकासमोर नियम घडाघडा म्हणून दाखवतं. वर्गात बाकावरून उठायची ऊर्मी येते तेव्हा तो नियम आठवण्यासाठी क्षणभर थांबावं लागतं, आणि तिथेच तर सगळी अडचण आहे.

या वयात सत्रं घ्यायची ती आईवडिलांनी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं गट-प्रशिक्षण पहिलं ठेवलं आहे. पाचच्या पुढे पालकांना एडीएचडीची नीट माहिती आणि आधार, घर-शाळेत बदल, आणि तरीही अडचण उरली तर औषध. पालक-प्रशिक्षणाचा पुरावा कसा आहे तेही सांगायला हवं. मूळ चंचलता कमी झाली असं पालक सांगतात, पण त्रयस्थ माणसाने मोजलं की तो फरक बराचसा विरतो. त्रयस्थाच्या मोजमापातही टिकतात त्या दोन गोष्टी : पालकांचं मुलाशी वागणं सुधारतं आणि मुलाचा हट्ट, उलट बोलणं, भांडणं कमी होतात. घरात राहणाऱ्यांच्या दृष्टीने हे थोडंथोडकं नाही.

घरी सुरू करता येईल असं एक : तीनच वागणुकी निवडा आणि त्या डोळ्याला दिसतील अशा शब्दांत लिहा. ‘नीट वाग’ नाही, ‘जेवताना ताटासमोर दहा मिनिटं बसणे’. केलं की तिथल्या तिथे एक टिकली तक्त्यावर. बक्षीस त्याच दिवशी, छोटं : पाच टिकल्यांना संध्याकाळी एक जादा गोष्ट किंवा बाबांबरोबर कॅरमचा एक डाव. रविवारच्या बक्षिसाला या मुलांच्या लेखी अर्थ नसतो, तो फार लांब असतो. मिळालेली टिकली शिक्षा म्हणून काढून घेऊ नका, तक्ता दोन दिवसांत मरतो. आणि आजी-आजोबांना तक्ता समजावून सांगा, नाहीतर पाच टिकल्यांचं बक्षीस शून्य टिकल्यांत मिळून जातं.

मुलगा मोठा झाला की गणित बदलतं. १४ ते १८ वयाच्या, औषध चालू असलेल्या ४६ मुलामुलींवर सुसान स्प्रिच यांच्या गटाने २०१६ मध्ये बारा सत्रांचा उपचार तपासला. तिथे गुण दिसला.

प्रश्न : गोळ्या नकोतच. नुसत्या सीबीटीने भागेल का? (ठाणे)

काहींचं भागतं, पण तो पुरावा पातळ आहे. २०२५ च्या सुरुवातीला ‘लॅन्सेट सायकायट्री’त प्रौढांवरच्या ११३ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात उत्तेजक वर्गातली औषधं (मिथाइलफेनिडेट त्यातलंच) आणि ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेलं औषध यांचा परिणाम रुग्ण स्वतः लक्षणांना गुण देतो तेव्हाही दिसला आणि डॉक्टर देतात तेव्हाही. सीबीटीचा दिसला तो फक्त डॉक्टरांनी दिलेल्या गुणांत. प्रौढांना गोळी सोसत नसेल, लागू पडली नसेल, नियमित घेणं जमत नसेल, किंवा सगळं समजून घेऊन नकोच असेल, तर एडीएचडीसाठीच बेतलेला मानसोपचार द्यावा, असं नाइसही म्हणते. म्हणजे तुमचा मार्ग बंद नाही. फक्त नकार माहितीवर आहे की धास्तीवर, ते एकदा मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून तपासा.

धास्तीचं एक कारण आमच्याकडे वारंवार येतं : ‘कोपऱ्यावरच्या केमिस्टने असलं औषध ठेवत नाही म्हणून सांगितलं.’ मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत, आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. हा व्याप नको म्हणून अनेक जण ते ठेवत नाहीत, यापलीकडे त्यात अर्थ शोधू नका.

गोळीविना सुरुवात केलीत तर पहिल्याच दिवशी प्रश्नावली भरून तारीख घाला. तीच प्रश्नावली घरातल्या एकाने तुमच्याबद्दल भरायची. सहाव्या आणि बाराव्या सत्राला परत. बारा सत्रांनंतर दोन्ही कागद जागचे हलले नसतील, तर गोळीचा विषय पुन्हा काढा.

प्रश्न : आरईबीटी आणि सीबीटी एकच ना? माझ्याकडे आरईबीटीची पुस्तकं आहेत. (सांगली)

भावंडं आहेत. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे आरईबीटी, मांडली, ॲरन बेक यांची पद्धत, म्हणजे सीबीटीचं मूळ, साठच्या दशकातली. कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत एलिस घरोघरी पोचले, म्हणून आपल्याकडे ‘विचार बदला’ हा भाग चांगला माहीत आहे. एडीएचडीत मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. ‘मी वेळेवर पोचलंच पाहिजे’ या हट्टाचं ‘पोचलो तर बरं’ केलंत तर मनस्ताप कमी होईल, पण लोकल तरीही चुकेल. पुस्तकं ठेवा, शेजारी टायमर ठेवा.

प्रश्न : उपचारक चांगला आहे हे ओळखायचं कसं? (छत्रपती संभाजीनगर)

चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. मग तीन प्रश्न : एडीएचडी असलेल्या प्रौढांबरोबर किती काम केलं आहे? सत्रं किती आणि प्रत्येकात काय? गृहपाठ झाला नाही तर काय करता? तिसऱ्याचं उत्तर ‘तुमची तयारी नाही असं समजतो’ असं आलं, तर दुसरीकडे बघा. गृहपाठ न होणं हेच लक्षण घेऊन तुम्ही आला आहात.

प्रश्न : यांची सीबीटी चालू आहे, पण आठवण मलाच करावी लागते. डायरी पाहिली का, टायमर लावला का. मी बायको आहे की अलार्म? (न्यू जर्सी)

तुम्ही अलार्म झालात की उपचार तिथेच अडतो. डायरीच्या जागी तुम्ही आलात, म्हणजे डायरीची गरजच संपली. शिवाय तुमच्या आवाजात आलेली आठवण टोचणीसारखी लागते, यंत्राची लागत नाही.

जोडीदाराला बोलावतात त्या सत्रात हे मांडा आणि तिथेच वाटणी लिहून घ्या. ‘बघितलंस का?’ हा प्रश्न घरातून बंद. त्याऐवजी रविवारी रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं, टायमर लावून, दोघांच्या डायऱ्या टेबलावर : येत्या आठवड्यात कोण कुठे, बिलं कोणती, मुलांना आणायचं कोणी. बोलणं फक्त पुढच्या सात दिवसांचं. गेल्या आठवड्यात काय राहिलं ते त्यांनी उपचारकाला सांगायचं, तुम्हाला नाही.

एखादं काम बुडालं आणि नुकसान फक्त त्यांचं होणार असेल, तर बुडू द्या. लायब्ररीचा दंड त्यांनी भरावा. घरभाडं, विमा, मुलांची फी यांना मात्र प्रयोगाला लावू नका. ती सगळी या महिन्यातच बँकेच्या ऑटो-पेवर टाका, म्हणजे ती कुणालाच आठवावी लागणार नाहीत.